परक्या भूमीतील स्तोत्र आणि रेकॉर्डचे दुकान

एखादे पवित्र गीत किंमत लावून दुकानात विकले गेले, तर त्याचे स्तोत्रपण उरते का, हा प्रश्न रेगे संगीताच्या इतिहासात फार तीव्रतेने उभा राहतो. रेगेला ज्या रस्ताफारी पंथाने आशय पुरवला, तो जमैकात 1930च्या दशकात, इथिओपियाचा सम्राट हैले सेलासी याच्या राज्यारोहणानंतर उदयाला आला. या सम्राटाला ईश्वरस्वरूप मानणाऱ्या या पंथाच्या भाषेत आफ्रिका म्हणजे ‘सियोन’, आणि गुलामगिरी व वसाहतवाद यांवर उभी राहिलेली सारी व्यवस्था म्हणजे ‘बाबेल’. बाजार हा त्या बाबेलचाच भाग असल्यामुळे, पंथाची वाणी त्याच बाजारातून घरोघर पोचावी ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

बायबलमधील 137व्या स्तोत्रात हाच पेच आहे. बाबेलमध्ये बंदिवान झालेल्या यहुद्यांना त्यांचे विजेते करमणुकीसाठी सियोनची गाणी म्हणायला सांगतात, आणि ते आपल्या वीणा झाडांना टांगून, परक्या भूमीत देवाचे गीत कसे गावे, असा प्रश्न करतात. याच स्तोत्रावर आधारलेले ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलोन’ हे गीत मेलोडियन्स या त्रयीने 1970 मध्ये ध्वनिमुद्रित केले. त्याचा निर्माता लेस्ली काँग हा किंग्स्टनच्या ऑरेंज स्ट्रीटवर भावांसह आईस्क्रीम आणि रेकॉर्ड विकणाऱ्या दुकानातून या व्यवसायात आला होता. म्हणजे स्तोत्राचा हा नवा अवतार जन्मला तोच मुळी दुकानाच्या आश्रयाने.

तरीही त्याचे पावित्र्य विक्रीमुळे नष्ट झाले असे म्हणता येत नाही, आणि याचे कारण त्या दुकानांच्या स्वरूपात सापडते. ऑरेंज स्ट्रीटवर, तसेच जमैकन स्थलांतरितांच्या लंडनमध्ये, उदाहरणार्थ 1974 पासून शेफर्ड्स बुश भागात चालणाऱ्या पेकिंग्ज या दुकानामध्ये, गिऱ्हाईक वस्तू उचलून पैसे देऊन निघून जात नसे. दुकानदार सात इंची रेकॉर्ड लावी, दोनचार ओळी वाजताच कोणी हात वर करून आपली प्रत मागे, कोणी मागच्या आठवड्यातल्या चालीशी तिची तुलना करी, आणि वाद रंगे. रेगेचे चाहते आज आठवणी सांगतात तेव्हा आवडत्या गाण्याइतकेच ते कोणत्या दुकानात आणि कोणाच्या शेजारी उभे राहून ऐकले हेही सांगतात. रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला बहुधा ‘व्हर्जन’ असे, म्हणजे त्याच गाण्याचा गायकाचा आवाज बराचसा काढून टाकलेला, केवळ ताल आणि बास पुढे आणणारा अवतार, ज्यावर साउंड सिस्टिमच्या नृत्यसभेत कोणीही माइक हाती घेऊन आपले शब्द म्हणू शके. विकत घेतलेली वस्तू अशा रीतीने पुन्हा समूहाची होई. ज्या पंथाला सर्वांना बांधून ठेवणारी एकच मध्यवर्ती धर्मसंस्था नाही, त्याच्या दृष्टीने हे सामूहिक श्रवण सत्संगाचेच काम करीत होते, असे मानायला पुरेसा आधार आहे.

या दुकानांत जमणारे अनेकजण रस्ताफारी नव्हते, हा आक्षेप खरा असला तरी निर्णायक नाही, कारण श्रद्धा नसलेला श्रोताही स्मरणाचा वाटेकरी होऊ शकतो. अट इतकीच की ज्याचे स्मरण करायचे ते त्याच्यापासून लपवले जाऊ नये. बोनी एम या गटाने 1978 मध्ये हेच गीत डिस्कोच्या ठेक्यावर गाऊन युरोपभर गाजवले, तेव्हा मूळ गीतातील ‘राजा अल्फा’, म्हणजे सेलासी, हा उल्लेख गाळून तेथे पुन्हा ‘प्रभू’ आणला गेला. पावित्र्याची हानी झाली असेल तर ती येथे झाली, दुकानाच्या गल्ल्यावर नव्हे. ज्या पंथाच्या लोकांना 1963 मध्ये मॉन्टेगो बेजवळच्या कोरल गार्डन्समधील हिंसाचारानंतर सरसकट पकडून मारहाण करण्यात आली, ज्यांच्या जटा कापण्यात आल्या आणि ज्यांची जमैकाच्या पंतप्रधानांनी 2017 मध्ये माफी मागितली, त्यांच्या ईश्वराचे नावच त्यांच्या स्तोत्रातून पुसले गेले.

भारतातही बोनी एम लोकप्रिय असल्यामुळे अनेक मराठी श्रोत्यांच्या कानात या गीताचा तोच अवतार बसलेला असणार. त्यांनी मेलोडियन्सचे 1970चे ध्वनिमुद्रण एकदा तरी शांतपणे ऐकावे.