७७.८ टक्के, पण कोणत्या विषयात?

खाली बस. काकूंनी चहा टाकलाय, तो नंतर. टपरीवर चारचौघांत काय बरळत होतास, ते माझ्यासमोर पुन्हा म्हण. ‘कोव्हॅक्सिन म्हणजे मेलेला विषाणू, मेलेला काय राखण करणार? दोन डोस घेऊनही मला जानेवारीत कोरोना झालाच की!’ आणि हे ऐकून तुझ्या बाबांनी तिसरा डोस नको म्हटलं. वय अडुसष्ट, त्यात साखर. दहावीला विज्ञानात तुला मीच पास केलं, याची आज लाज वाटली.

मेलेला म्हणतोस. परवा बाजारात उस्मानाबादी शेळी विकताना छाती ठोकून काय सांगत होतास? ‘पावसाळ्याच्या तोंडावर आंत्रविषाराची टोचलीय, लाळ्या-खुरकुताचीपण टोचलीय.’ लाळ्या-खुरकुताच्या लसीत काय असतं रे? मारलेला विषाणूच. ती दर सहा महिन्यांनी द्यावी लागते. तेव्हा डॉक्टरांना ‘मागं दिली होती की’ असं कधी म्हणाला नाहीस. शेळीच्या बाबतीत शहाणा, बापाच्या बाबतीत अडाणी!

आता कान उघडे ठेव. कोव्हॅक्सिनचा विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं २०२० साली वेगळा केलेला. हैदराबादच्या भारत बायोटेकनं तो पेशींवर वाढवला, रसायन घालून त्याची वाढायची ताकद मारली, वरचं अंग शाबूत ठेवलं. म्हणजे शरीराला ओळख पटली ती २०२०च्या चेहऱ्याची, आणि आज २०२२चा जुलै आहे. जिल्ह्याच्या नावावरून परवा तासभर भांडलास ना? उस्मानाबाद म्हण की धाराशिव म्हण, एसटी त्याच स्थानकात लागते. विषाणूचं तसं नाही. डेल्टा काय, ओमायक्रॉन काय, तिथं नाव बदलतं ते अंग बदललं म्हणून. ओमायक्रॉनच्या अंगावरच्या काट्यात, म्हणजे स्पाइक प्रथिनात, तर ३० हून जास्त बदल.

‘७७.८ टक्के म्हणत होते, मग मला कसा झाला?’ कोणत्या विषयात ७७.८? घरी एकूण टक्के सांगायचे आणि गणिताचे मार्क झाकायचे, ही तुझी जुनी खोड. सुमारे २५,८०० माणसांवरच्या त्या चाचणीत लक्षणांच्या आजारापासून संरक्षण ७७.८, गंभीर आजारापासून ९३.४, आणि एकट्या डेल्टाला ६५.२. दुसऱ्या लाटेत दिल्लीच्या एम्समधल्या कर्मचाऱ्यांत मोजलं, तर लक्षणांच्या आजाराला ५०च भरले. लस तीच, पेपर अवघड. ओमायक्रॉन तर या दोन्ही वेळी जन्मलाही नव्हता. तेव्हा तुला ताप आला यात नवल ते काय? तिसऱ्या दिवशी ताप उतरला, दवाखान्याची पायरी चढावी लागली नाही, हे टपरीवर का नाही सांगितलंस? अर्थात तू तरुण, धडधाकट. एकट्या तुझ्यावरून लस पासही होत नाही, नापासही.

आणि तू रे, याच्या शेजारी बसून मान डोलावणाऱ्या! ‘अख्खा विषाणू घातलाय, म्हणजे कुठलाही नवा आला तरी चालतं,’ असं तूच म्हणाला होतास ना? अख्खा असल्यानं काट्याखेरीज आतल्या भागांचीही ओळख होते, ते भाग कमी बदलतात, इथवर बरोबर. पण मेलेला विषाणू अंगात वाढत नाही, त्याचा धडा फिका उमटतो आणि लवकर पुसतो. गिरवावा लागतो.

यंदा ओमायक्रॉन हाँगकाँगमध्ये घुसला. तिथं बऱ्याच म्हाताऱ्यांना चीनची कोरोनाव्हॅक दिलेली, तीही मेलेल्या विषाणूचीच. साठीपुढच्यांना दोन डोसांवर गंभीर आजार आणि मृत्यूपासून संरक्षण सत्तरीच्या आसपास मिळालं, तिसऱ्यानंतर नव्वदीच्या पुढं. ती कोव्हॅक्सिन नव्हे, भावकीतली आहे. आकडे जसेच्या तसे उचलू नकोस, पण गिरवल्यानं काय होतं ते बघ. बाबांचा दुसरा डोस कधीचा? मागच्या जूनचा. वर्ष उलटलं, लेका!

तिसऱ्यासाठी सहा महिने थांबायचं असतं, ते कधीच झाले. १५ जुलैपासून तर तुमच्या वयालाही सरकारी केंद्रावर फुकट आहे, पंच्याहत्तर दिवस. उद्या सकाळी बाबांना गाडीवर बसवून ने. पहिल्या वेळी नोंदवलेला मोबाइल बरोबर घे. आणि तिथं गेल्यावर बाहेर उभा राहू नकोस, तूही बाही वर कर. दहावीत धनुर्वाताच्या सुईला बघून बाकाखाली लपला होतास, आठवतंय मला.

आला बघ चहा. घ्या दोघं. तो डावीकडचा कप ठेव, बिनसाखरेचा माझा आहे.