कातडीवरून आत पाहताना

म्हाताऱ्या मांजराचे केस गळू लागले की आपल्या मनात पिसवा, बुरशी, ॲलर्जी अशी कारणे येतात. बहुतेक वेळा त्यांतलेच एखादे खरे निघते. पण क्वचित एखाद्या मांजराचे लक्षण निराळे असते. पोटावरचे आणि पायांच्या आतल्या बाजूचे केस हलक्या ओढीने पुंजक्यापुंजक्याने हातात येतात. खालची कातडी तेल चोपडल्यासारखी चकाकते. पंजांचे तळवे कोरडे पडतात, वजन उतरत जाते. अशा मांजराच्या पोटात, बहुधा स्वादुपिंडात आणि कधी पित्तनलिकेत किंवा यकृतात, कर्करोगाची गाठ सापडते. कातडीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर केसांची मुळे आक्रसलेली दिसतात, वरचा शृंगी थर जागोजागी नाहीसा झालेला असतो. पण कर्करोगाची एकही पेशी तिथे नसते. गाठ कातडीपर्यंत पोचलेलीच नाही आणि तरी कातडी बदलली आहे, ही गोष्ट वैद्यकाच्या पचनी पडायला बराच काळ जावा लागला.

या विचाराची सुरुवात माणसांपासून झाली. मान आणि काखेतली त्वचा काळी, जाड, मखमली होण्याच्या विकाराचे वर्णन पोलिट्झर आणि यानोव्स्की यांनी 1890 मध्ये केले. थोड्याच वर्षांत त्याचा पोटातल्या कर्करोगाशी संबंध जोडला गेला. मात्र दोन रोग एका शरीरात सापडले म्हणून त्यांचे नाते सिद्ध होत नाही. उतारवयात त्वचेच्या तक्रारीही वाढतात आणि गाठीही. हा पेच त्वचारोगतज्ज्ञ हेलन ओलेनडॉर्फ कर्थ यांनी निकष घालून सोडवला. त्यांतला कळीचा निकष असा, की दोन्ही रोगांची वाटचाल बरोबरीने व्हायला हवी. गाठ काढली की त्वचा सुधारावी, गाठ उलटली की त्वचाही पुन्हा बिघडावी.

मांजरांच्या वैद्यकात हा पुरावा 1990 च्या दशकात हाती आला. 1994 मध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगासोबत केस गळलेल्या तीन मांजरांची नोंद प्रसिद्ध झाली. 1995 मध्ये आणखी तीन मांजरांची नोंद झाली, पण त्यांचा आजार वेगळा होता: डोके आणि कानांपासून सुरू होऊन अंगभर कोंड्याचे मोठाले पापुद्रे सुटत होते आणि गाठ छातीत, थायमस ग्रंथीत होती. ही सहा मांजरे म्हणजे निव्वळ योगायोग, असे कुणी म्हटले असते तर खोडून काढणे सोपे नव्हते. मग 1997 मध्ये एका मांजराची थायमसची गाठ शस्त्रक्रियेने काढल्यावर त्याची त्वचा बरी झाल्याचे प्रसिद्ध झाले. 1999 मध्ये स्वादुपिंडाची गाठ काढलेल्या एका मांजराला पुन्हा केस आले; काही महिन्यांनी कर्करोग पसरला आणि केस पुन्हा गळले. त्या एका मांजराने कर्थ यांचा निकष दोन्ही बाजूंनी पुरा केला. मला या साऱ्या इतिहासात हीच नोंद सर्वांत मोलाची वाटते. कारण तिचे बळ आकड्यांत नाही. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेनंतरही त्या मांजराकडे लक्ष ठेवले, त्यात आहे.

विचार इथेच थांबला असता तर त्याचा धाक झाला असता. 2015 मध्ये 18 मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्या अंगावर तसेच पापुद्रे होते, पण थायमसमध्ये गाठ नव्हती. माणसांतही तेच घडले आहे. मानेवरचा तो काळेपणा आज आपल्याकडे सर्रास दिसतो आणि त्यामागे बहुधा लठ्ठपणा आणि इन्सुलिनला न जुमानणारे शरीर असते, कर्करोग क्वचितच. म्हणजे खूण खरी असली तरी तिच्यावरून निकाल देता येत नाही. पुढची तपासणी कुठे करायची, एवढेच ती सांगते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे, की अशा कातडीवर मलमामागून मलम चोळत बसू नये. अनेकदा तिच्यावर मॅलॅसेझिया ही यीस्टही वाढलेली असते. ती सापडली की कारण मिळाल्याचे समाधान होते आणि शोध तिथेच संपतो. त्याऐवजी छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी वेळेत करून घ्यावी. थायमसची गाठ असेल तर शस्त्रक्रियेने मांजर बरे होऊ शकते. गाठ नसेल तर त्वचेवरचे उपचार निर्धास्तपणे करता येतात. स्वादुपिंडाचा कर्करोग मात्र लक्षात येईतो बहुधा पसरलेला असतो. तिथेही निदान वाया जात नाही. गुण न देणारी औषधे, पुन्हापुन्हा घातलेली आंघोळ, दवाखान्याच्या खेपा यांतून ते मांजर सुटते आणि उरलेल्या दिवसांत त्याच्या वेदना कमी करण्याकडे लक्ष देता येते. ज्याला आपले दुखणे सांगता येत नाही, त्याच्या बाबतीत खरे कारण शोधणे हे आपले कर्तव्यच आहे.