धावणाऱ्याची वर्गणी

मला मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे. स्टेज फोर. गाठ आतड्यात सुरू झाली, आता यकृतातही आहे. वय ३५. चंद्रपुरात राहतो, आजारपणाआधी कॉम्प्युटर क्लास चालवायचो.

माझे मित्र या हिवाळ्यात एक चॅरिटी रन काढताहेत. जटपुरा गेटपासून निघायचं, रामाळा तलावाकडून फिरून परत यायचं, एकूण पाच किलोमीटर. पोस्टरवर त्यांना माझा धावतानाचा फोटो हवाय, त्याखाली क्यूआर कोड. "तू फक्त हो म्हण ना बे, बाकी आम्ही पाहून घेतो," असं रोज सुरू आहे. दोन आठवडे मी हो म्हटलेलं नाही आणि त्यांना वाटतं मी लाजतोय. तसं नाही. मला आधी एका प्रश्नाचं उत्तर हवंय. माझा फोटो बघून एखादा अनोळखी माणूस शंभर रुपये पाठवेल, ते शंभर रुपये कुणाचे?

प्रश्न सोपा वाटतो. माझे, कारण आजारी मी आहे. किंवा ज्या कामासाठी मागितले त्या कामाचे. पण जरा खोलात गेलं की गोंधळ होतो.

आमच्या भागात कॅन्सर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर तोंड येतं. खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना एकत्र घोटून पन्नीत बांधलेला. कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो. गडचिरोलीत 'सर्च', शासन आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून दारू-तंबाखूविरोधात 'मुक्तिपथ' नावाची अख्खी मोहीम चालवली, यावरून त्याचा पसारा लक्षात यावा. त्यामुळे मला भेटायला येणारा प्रत्येक जण आवाज खाली करून एकच विचारतो, "खर्रा खात होता का?" मी नाही म्हणतो. मग समोरच्याचा चेहरा जरा पडतो. कारण सापडलं असतं तर तो स्वतःपुरता निश्चिंत झाला असता.

आणि मग लगेच हळहळ सुरू होते. "अरेरे, काही व्यसन नाही, एवढा चांगला पोरगा." ही हळहळ मला टोचते. कारण केमोच्या वॉर्डात माझ्या शेजारच्या बेडवर गडचिरोलीकडचे एक काका होते. मजुरी करणारे, पन्नाशीचे, अर्धा जबडा काढलेला. त्यांनी वीस वर्षं खर्रा खाल्ला होता. त्यांच्याबद्दल कुणी "एवढा चांगला माणूस" म्हणालं नाही. त्यांचा फोटो पोस्टरवर लागणार नाही. त्यांना धावता येत नाही, नीट बोलता येत नाही, आणि बघणाऱ्याला आधी त्यांची चूक दिसते. माझं दुखणं विकलं जाईल, त्यांचं जाणार नाही. बस, माझी अडचण एवढीच आहे.

क्राउडफंडिंगचा सगळा खेळ यावर चालतो. तरुण चेहरा, लहान मूल, हसरा फोटो, लढवय्या वृत्ती. गरज किती आहे यावर पैसे येत नाहीत, गोष्ट किती चांगली सांगता येते यावर येतात. आणि गोष्ट सांगायला स्मार्टफोन लागतो, रेंज लागते, शिकलेला भाचा लागतो. भामरागडकडच्या माणसाला पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की तालुक्याच्या गावीही पोचता येत नाही. तो रील काय करणार?

शिवाय 'लढवय्या' हा शब्द. ऑक्झॅलिप्लॅटिन नावाचं औषध मला चढवतात. त्यानं थंड वस्तूला हात लावला की बोटांत सुया टोचतात, थंड पाणी प्यायलं की घसा आवळल्यासारखा होतो. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५च्या वर असतो, कधी कधी ४७ ओलांडतो, आणि मी कोमट पाणी पीत बसलो होतो. घरातले सगळे माठातलं पीत होते. यात लढाई कुठे आहे? मी काही केलं नाही, सोसलं फक्त. पोटावर स्टोमाची पिशवी आहे, ती दिवसातून काही वेळा रिकामी करावी लागते. तेही शौर्य नाही, घरकाम आहे. लढणारा म्हणून मला पैसे दिले, तर उद्या माझी गाठ वाढली तेव्हा मी लढायला कमी पडलो असा त्याचा अर्थ होतो. तो मला मान्य नाही.

धावण्याबद्दलही एक गैरसमज काढून टाकतो. २०२५ साली 'चॅलेंज' नावाच्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. आतड्याच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया आणि केमो संपवलेल्या ८८९ रुग्णांपैकी अर्ध्यांना तीन वर्षं शिस्तीत व्यायाम करायला लावला. पाच वर्षांनी व्यायाम गटातले सुमारे ८० टक्के लोक आजार न उलटता जगत होते, दुसऱ्या गटातले सुमारे ७४ टक्के. ही मोठीच गोष्ट आहे. पण ते रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या स्टेजचे होते. माझ्यासारख्यांना ते आकडे लागू होत नाहीत. मी चालतो कारण चाललं की रात्री झोप लागते. पोस्टरवर 'धावून कॅन्सरवर मात' असं काही छापलं तर ते खोटं ठरेल.

आता, आजारी माणसानं धावून पैसे गोळा करायचे ही कल्पना ज्याच्यामुळे जगभर पोचली तो टेरी फॉक्स. कॅनडाचा. हाडाच्या कॅन्सरमुळे १९७७मध्ये, १८व्या वर्षी, त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. १२ एप्रिल १९८० रोजी कृत्रिम पाय लावून तो कॅनडाच्या पूर्व टोकाहून निघाला, देश ओलांडायला. रोज जवळपास एक मॅरेथॉन. १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर. मग कॅन्सर फुप्फुसात पोचल्याचं कळलं आणि थंडर बे शहराजवळ थांबावं लागलं. २८ जून १९८१ रोजी तो गेला, २२ वर्षांचा होता.

हे सगळे सांगतात. मला त्याच्या मागण्यातला हिशेब जास्त आवडतो. त्यानं स्वतःच्या उपचारासाठी काही मागितलं नाही, कॅन्सरवरच्या संशोधनासाठी मागितलं. आणि पुढे मागणं काय ठेवलं, तर प्रत्येक कॅनडियन माणसामागे एक डॉलर. सुरुवातीला फारसं कुणी विचारत नव्हतं. मग पोर्ट ओ बास्क नावाचं दहा हजार वस्तीचं एक बंदराचं गाव लागलं. त्या गावानं दहा हजार डॉलर जमवून दिले. माणशी एक. फेब्रुवारी १९८१पर्यंत देशाची लोकसंख्या दोन कोटी चाळीस लाख आणि निधीही दोन कोटी चाळीस लाख डॉलरच्या वर. त्याच्या नावाने आजही ज्या रन होतात त्यांत कुणी पहिला येत नाही, बक्षीस नसतं.

आपल्याकडे याला दान म्हणत नाहीत. आपल्याकडे याला वर्गणी म्हणतात.

हा फरक मला नीट मांडता यायला वेळ लागला. दान देणारा मोठा होतो, घेणारा वाकतो. आहेराचं वेगळं. आमच्याकडे लग्नात आहेराची वही असते, कुणी किती दिले ते लिहून ठेवतात, म्हणजे त्यांच्या घरी कार्य निघालं की तेवढे, थोडे वरचढच, परत करायचे. मला मामानं दिलेले पैसे, मित्रांनी दिलेले पैसे मी मनात त्याच वहीत लिहिलेत. पण स्टेज फोरच्या माणसानं परतफेडीचा शब्द कुठल्या तोंडानं द्यायचा? त्या वहीची पानं माझ्या बाजूनं कोरीच राहायची शक्यता जास्त. अनोळखी माणसाच्या शंभर रुपयांची तर वहीच नाही.

वर्गणीत या दोन्ही भानगडी नाहीत. गणपतीला, पोळ्याला, शाळेच्या छपराला आपण वर्गणी देतो. दहा रुपये दिले तरी पावती मिळते. दिलेल्याला कुणी महात्मा म्हणत नाही, न दिलेल्याला मात्र सगळे ओळखतात. आणि मुख्य म्हणजे, दहा रुपये देणाऱ्याला हिशेबावरून भांडायचा पूर्ण हक्क असतो. मांडवाला इतके कसे लागले? दानाच्या पैशाबद्दल असं विचारणं असभ्य वाटतं, वर्गणीच्या पैशाबद्दल न विचारणं बावळटपणा वाटतो.

बाबा आमट्यांचं आनंदवन आमच्याच जिल्ह्यात, वरोऱ्याला. दान माणसाला नासवतं आणि काम घडवतं, हा त्यांचा आग्रह लहानपणापासून कानावर आहे. आनंदवनाचा 'स्वरानंदवन' वाद्यवृंद गावोगाव कार्यक्रम करतो, त्यातले कलावंत कुष्ठरोगातून बरे झालेले, अंध, अपंग. लोक तिकीट काढून गाणं ऐकायला येतात. मंचावर आजारही दिसतो, पण पैसे गाण्याचे असतात. मी मित्रांना हे सांगितलं तर एक जण म्हणाला, "मग तू धाव, लोक धावण्याचे पैसे देतील." नाही देणार. माझं धावणं त्या गाण्याइतकं चांगलं नाही. लोक माझ्या मरणाचे पैसे देतील, हे आपण खरं खरं बोलू.

पण मरणाचे पैसे घेणं वाईटच असतं असंही नाही. डेबोरा जेम्स नावाची इंग्लंडमधली शिक्षिका, तिलाही आतड्याचाच कॅन्सर, प्रगत अवस्थेतला. ती टीव्हीवर, पॉडकास्टवर शौचाबद्दल मोकळेपणी बोलायची, लोकांना आपली शी बघा म्हणून सांगायची. मे २०२२मध्ये उपचार थांबल्यावर तिनं निधी सुरू केला, अडीच लाख पौंडांचं लक्ष्य ठेवून. जून अखेरीस ती गेली तोवर साठ लाखांच्या वर जमले होते. तिनं आपलं मरण सरळसरळ वापरलं. पण त्यातून स्वतःची गोष्ट मोठी करण्यापेक्षा एक वाक्य लाखो लोकांपर्यंत पोचवलं: रक्त दिसलं तर तपासा. तेच इथेही सांगायला हवं. आपल्याकडे शौचात रक्त दिसलं की सगळे मूळव्याध धरून चालतात, बसस्टँडच्या भिंतीही त्याच जाहिरातींनी रंगलेल्या. बहुतेक वेळा ती मूळव्याधच असते. पण या कॅन्सरची सुरुवात बऱ्याचदा एका छोट्या कोंबासारख्या वाढीतून होते, तिला कॅन्सर व्हायला वर्षानुवर्षं लागतात, आणि कोलोनोस्कोपीत ती दिसली तर तिथल्या तिथे काढता येते. शौचाची सवय काही आठवडे बदललेली असेल, रक्त जात असेल, वजन उतरत असेल, तर मलम लावत बसू नका.

मग जमलेले पैसे कशाला? इथे ताईशी माझं भांडण झालं. ती म्हणते, "तुह्या यकृतातली गाठ काय परक्याची आहे का? तुलेही पैसे लागतेच न." लागतात. शेतावर कर्ज काढलंय, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ती चुकीचं बोलत नाही. गरजवंतानं स्वतःची गरज लपवून उदार व्हायचं, यात एक प्रकारचा तोराच असतो आणि त्याची किंमत घरचे मोजतात. म्हणून मी माझ्यासाठी मागतो. पण ओळखीच्यांना, फोन करून, तोंडानं. जो मला नाही म्हणू शकतो, ज्याला माझं खरं काय चाललंय ते विचारता येतं, त्याच्याकडे. पोस्टरवरच्या चेहऱ्याला कुणी काही विचारू शकत नाही.

रनचे पैसे मात्र भाड्याचे. शस्त्रक्रिया, केमो यांचा बराच खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून होतो. ही योजना २०१२मध्ये सुरुवातीला ज्या आठ जिल्ह्यांत आली त्यांत गडचिरोली होतं. पण भामरागडहून नागपूर तीनशे किलोमीटरच्या पुढे. दर दोन-तीन आठवड्यांनी रुग्ण आणि सोबतचा एक जण, एसटीनं, मध्ये मुक्काम, दोघांची बुडालेली मजुरी. हे कुठल्या पॅकेजमध्ये बसत नाही. वॉर्डातले ते काका चौथ्या केमोला आले नाहीत. का, ते मला कळायला मार्ग नाही. पण तिसऱ्या वेळी त्यांची बायको परतीच्या तिकिटाचे पैसे मोजताना मी पाहिली होती.

म्हणून मी मित्रांना काही अटी घातल्यात. पोस्टरवर माझा फोटो नाही, रक्ताबद्दलची दोन वाक्यं मोठ्या अक्षरांत. वर्गणी माणशी वीस रुपये, जास्त द्यायचे असतील तर पाच जणांची नावं सांगा आणि पाच पावत्या घ्या. भाडं घेणाऱ्या रुग्णाला गोष्ट सांगावी लागणार नाही, फोटो द्यावा लागणार नाही, खर्रा खात होता का हे कुणी विचारणार नाही. केमोची तारीख लिहिलेला कागद दाखवायचा, बस. हिशेब ताईच्या बचत गटातल्या बाया ठेवणार. त्यांच्या वहीत एक रुपया इकडचा तिकडे होत नाही आणि मी असो-नसो त्यांचं काही अडणार नाही.

मित्रांना वीस रुपयांची अट पटलेली नाही. फोटो असता तर दहापट जमले असते, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही आणि दहापट म्हणजे दहापट माणसांचं भाडं, हेही खोटं नाही. यावर माझ्याकडे पुरेसं उत्तर नाही. काल एकानं विचारलं, फोटो पाठमोरा चालेल का? विचार करतो म्हटलं.

रनच्या आठवड्यात माझी केमो आहे. बुधवारी पंप लागेल, शुक्रवारी सुटेल, रन रविवारी सकाळी. त्या दिवसांत थंडी असते, म्हणजे बोटांत सुया टोचणार, हातमोजे घालावे लागतील. पाच किलोमीटर चालत होतात का बघू. नाहीच झाले तर तलावापाशी खुर्ची टाकून पावत्या फाडेन. तेवढं हातमोजे घालूनही जमतं.