नर्मदा नेमकी कुठं संपते?

विमलेश्वरला पायांचं काही चालत नाही. गुजरातच्या भरूच जिल्ह्यात, हांसोट तालुक्यात, नर्मदेच्या दक्षिण तटावरचा परिक्रमावासीचा हा शेवटचा मुक्काम. पुढं तिवरं, चिखल, मिठागरं आणि खंबातचं आखात. समोरच्या उत्तर तटावर मिठीतलाईला जायचं तर होडीनंच, आणि होडी सुटणार भरतीच्या वेळेला, मग ती वेळ भल्या पहाटेची असो की मध्यरात्रीची. भरती-ओहोटीचा फरक देशात सगळ्यात मोठा याच आखातात. भावनगरच्या बाजूला पाणी दहा मीटरपर्यंत चढतं-उतरतं. ओहोटीला खाडीत नुसता गाळ उरतो. त्यात पाऊल घातलं तर पोटरीपर्यंत आत जातं आणि काढताना चप्पल तिथंच राहते.

म्हणून थांबावं लागतं. कुणी महादेवाच्या देवळात जपाला बसतो, कुणी बांधाबांधानं खाडीपर्यंत चालत जाऊन पाणी कुठवर आलंय ते बघून येतो, ज्याच्याकडं सायकल आहे तो हांसोटपर्यंत फेरी मारतो. गप्पा बहुतेक मराठीत. नाशिक, पुणे, नांदेड, आणि हमखास इंदूर. टेंबे स्वामींची समाधी नर्मदाकाठी गरुडेश्वरला, १९१४ सालची. त्यांच्या परंपरेतले नानामहाराज तराणेकर इंदूरचे. त्यामुळं करुणात्रिपदी म्हणणाऱ्या इंदूरच्या मराठी घरांत मैया ही घरातल्या थोरल्या बाईसारखीच असते. तिच्याभोवती एकदा फिरून यायचं, ही तिथली जुनी आस आहे.

ओंकारेश्वर इंदूरहून सत्तर-ऐंशी किलोमीटर. सिमरोलचा घाट उतरायचा, बडवाह मागं टाकायचं, मोरटक्क्याच्या पुलावर नर्मदा ओलांडायची आणि दक्षिण तटावर संकल्प सोडायचा. संकल्प सोडला की तो पूल बंद. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि तिला ओलांडायचं नाही, सारी परिक्रमा या दोन नियमांवर उभी आहे. मांधाता बेटावरचं ओंकारेश्वराचं देऊळ डोळ्यांसमोर दिसतं, पण बेट नदीच्या पोटात, म्हणून तिथं जायचं ते परिक्रमा पुरी झाल्यावरच. बरोबर घेतलेलं जल तेव्हा ज्योतिर्लिंगावर वाहायचं. परंपरेचा काळ तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. चातुर्मासात चालणं बंद.

नियम सोपा आहे, पण तो मुखाशी येऊन अडतो. प्रदक्षिणा घालायची तर वस्तूला कड लागते. मूर्तीला ती आहे, पिंपळाला आहे. अमरकंटकला उगमाशीही अडचण नाही. तिथं नदीला वळसा घालून जाता येतं. पण १,३१२ किलोमीटर वाहून आलेल्या नर्मदेला पश्चिमेकडं कड कुठली? काठ एकमेकांपासून लांब जात राहतात आणि कुठल्या तरी क्षणी दोन्ही दिसेनासे होतात. मुखातच आलिया बेट आहे. १९७० साली देशातली समुद्रातली पहिली तेलविहीर तिथं खोदली गेली. कच्छहून आलेले फकिराणी जत तिथं खाराई उंट राखतात. हे उंट खाडीच्या पाण्यातून पोहत जाऊन तिवरं खातात. २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत तिथल्या मतदान केंद्रासाठी जहाजावरचा एक लोखंडी कंटेनर उभा केला होता. ही माणसं नदीत राहतात की समुद्रात? निवडणूक आयोगाला या प्रश्नाशी देणंघेणं नाही. संकल्प सोडलेल्या माणसाला आहे, कारण बेट नदीत असेल तर मांधात्यासारखंच त्याच्यावरही पाऊल ठेवता येणार नाही.

तत्त्वज्ञानाच्या अंगानं पाहिलं तर इथं दोन गोष्टींची गाठ पडते. मुंडकोपनिषद ब्रह्मज्ञानासाठी दाखला देतं तो नद्यांचाच: वाहत्या नद्या नाम-रूप टाकून समुद्रात मावळतात, तसा ज्ञानी परब्रह्मात. आदि शंकराचार्यांना गुरू गोविंदपाद भेटले ते ओंकारेश्वरला, अशी श्रद्धा आहे; २०२३ साली तिथं आचार्यांचा १०८ फुटी पुतळा उभा राहिला. म्हणजे भेद मावळतो असं सांगणाऱ्या आचार्यांच्या गुरुस्थानाजवळून माणूस निघतो आणि पुढचे महिनोन्‌महिने एक भेद जिवापाड सांभाळतो. हे पाणी नर्मदा, हे नव्हे. इथं उतरायचं, इथं नाही. नावाचा असा आग्रह धरणाऱ्याला तो नियमच शेवटी नाव पुसलं जातं त्या जागेवर आणून उभा करतो. परिक्रमेतला सगळ्यात खोल प्रसंग हाच. शूलपाणीच्या झाडीतल्या लुटीच्या कथा जास्त सांगितल्या जातात, पण तिथं माणसाचं सामान पणाला लागायचं. इथं ज्या नदीसाठी तो निघाला ती नदीच पणाला लागते.

नियमानं यातून काढलेली वाट मोठी व्यवहारी आहे. नदी कुठं संपते याची व्याख्या करत बसायचं नाही. होडी समुद्रात इतकी आत न्यायची की कुणालाही शंका उरू नये. परिक्रमावासी त्या पाण्याला रत्नसागर म्हणतात, तिथं नारळ वाहतात, आणि तीन-चार तासांनी मिठीतलाईला उतरतात. समुद्राच्या इतक्या जवळ गोड्या पाण्याची जागा, हेच त्या नावामागचं कौतुक. सीमा कुठं, हे ठरवणारा इथं ना शास्त्री ना भूगोलतज्ज्ञ. ते ठरवतो भरती आणि खाडी जाणणारा नावाडी. व्रताची शुद्धता दुसऱ्याच्या कसबावर सोपवायची, यात फार मोठी नम्रता आहे.

आता पंधरा-वीस दिवसांत बसनं परिक्रमा होते. इंदूरहून अशा बस सुटतात. विमलेश्वरला यात्रेकरू होडीत बसतात आणि बस रिकामी होऊन अंकलेश्वरमार्गे भरूचला जाते, पुलावरून नर्मदा ओलांडते आणि पलीकडं मिठीतलाईला येऊन थांबते. भरूचला नर्मदेवर १८८१ सालापासून पूल आहे. २०१७ मध्ये महामार्गावर तारांनी पेललेला नवा पूल झाला. म्हणजे चाळीस जणांचा नियम राखण्यासाठी एक माणूस तो मोडतो. त्या चालकानं तोच घाट पाहिलेला असतो, तीच आरती ऐकलेली असते, रात्र-रात्र जागून माणसं सुखरूप आणलेली असतात. परिक्रमा त्याची होत नाही, असं म्हणायला जीभ रेटत नाही.

पायी की सायकलनं, हा वाद त्यामानानं लहान आहे. गो. नी. दांडेकर तरुणपणी पायी गेले आणि त्यातून ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ आली. जबलपूरचे अमृतलाल वेगड १९७७ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर निघाले आणि तुकड्यातुकड्यांनी चालत राहिले. सलग व्रत त्यांनी घेतलंच नाही, तरी नर्मदेवर त्यांच्याइतक्या प्रेमानं लिहिणारे थोडे. नाशिकच्या भारती ठाकूर परिक्रमेनंतर निमाडात लेपा इथं राहिल्या, काठावरच्या मुलांसाठी शाळा काढली. सायकलस्वाराला वाटेवरच्या झोपडीत चहासाठी थांबण्याचे प्रसंग कमी येतात, एवढाच खरा तोटा. नदी उजव्या हाताला तोही ठेवतो.

खरा प्रश्न आता नदीच्या बाजूनं येतो. सरदार सरोवराची भिंत १३८.६८ मीटरची झाली, २०१७ मध्ये दरवाजे बंद झाले. जुनं शूलपाणेश्वर पाण्याखाली गेलं; नवं देऊळ गोरा गावी बांधलं. भिंतीखाली गोडं पाणी कमी पडू लागलं तसा समुद्र आत सरकला आणि भरूचकडच्या विहिरींना खार चढला. खार अडवण्यासाठी भाडभूतला मुखाजवळ आणखी एक बंधारा ठरला. त्याचा पायाही २०१७ मधलाच. हिलसा मासा अंडी घालायला समुद्रातून नदीत चढतो, त्याची वाट बंद होईल म्हणून तिथले मच्छीमार विरोध करत आले आहेत. म्हणजे मुख ही आता निसर्गानं ठरवलेली जागाही उरली नाही. बंधाऱ्याच्या वरची नर्मदा आणि खालची, दोन्हींना होडी तेवढ्याच श्रद्धेनं वळसा घालील. पण खालच्या पाण्यात नर्मदा किती असेल?

पुराणपरंपरा सांगते की मार्कंडेय ऋषींनी पहिली परिक्रमा केली ती उपनद्यासुद्धा न ओलांडता, प्रत्येकीच्या उगमाला वळसा घालून. आजचा परिक्रमावासी उपनद्या खुशाल ओलांडतो, आणि त्यात वावगं काही नाही. त्या नर्मदेत येतात. कालव्याचं तसं नाही, कालवा नर्मदेतून जातो. उत्तर तटावरून सरदार सरोवराचा मुख्य कालवा निघतो आणि ४५८ किलोमीटर वाहून राजस्थानच्या सीमेवर पोचतो. उत्तर तटानं चढणाऱ्या प्रत्येकाला तो लागतोच, आणि सगळे पुलावरून पलीकडं जातात. ते पाणी नर्मदेचं असेल तर तिथं नियम मोडला. नर्मदेचं नसेल, तर ते नर्मदेचं राहिलं नाही कधीपासून?

या प्रश्नाची सगळ्यात अवघड बाजू इंदूरच्या वाट्याला आली आहे. १९७० साली नर्मदेच्या पाण्यासाठी शहर रस्त्यावर उतरलं, १९७८ मध्ये मंडलेश्वरजवळच्या जलूदहून विंध्य चढून पाणी आलं. तेव्हापासून नळाला येते ती नर्मदा. पण इंदूर विंध्याच्या उत्तर उतारावर आहे. इथलं सांडपाणी कान्ह नदीत जातं, कान्ह क्षिप्रेत, क्षिप्रा चंबळेत, चंबळ यमुनेत, यमुना गंगेत. खंबातला जायला निघालेल्या नर्मदेचा एक पदर इंदूरच्या घराघरांतून वळून बंगालच्या उपसागराला जातो. मार्कंडेयांच्या मापानं त्या टोकाला वळसा घालायचा तर गंगासागर गाठायला हवं.

२०१४ मध्ये नर्मदा-क्षिप्रा जोड झाली, नळांतून आणलेली नर्मदा उज्जैनी गावापाशी क्षिप्रेत सोडली गेली. २०१६ च्या सिंहस्थात उज्जैनच्या घाटांवर लाखोंनी स्नान केलं ते या पाण्यात. त्याच वेळी कान्हचं मैलं पाणी घाटांना लागू नये म्हणून जलवाहिनी टाकून ते बाजूनं पुढं नेलं. दोन्ही नर्मदाच. एक नळातून आलेली, म्हणून पूज्य. दुसरी आपल्या स्वयंपाकघरांतून आणि न्हाणीघरांतून आलेली, म्हणून टाळलेली. खाऱ्या पाण्यात नर्मदेचं नाव पुसणं हे समुद्राचं काम आहे, ते उपनिषदांनाही मान्य आहे. न्हाणीघराच्या मोरीत ते पुसण्याचा अधिकार कुठल्या शास्त्रानं दिला?

इंदूरहून दर हिवाळ्यात सायकलस्वारांचे जथे ओंकारेश्वरला जातात. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपासून कान्हच्या काठाकाठानं कबीटखेडी, सांवेर करत उज्जैनच्या त्रिवेणी संगमावर जायचं तर तेही एका दिवसाचंच अंतर आहे. परिक्रमेच्या कुठल्याही मार्गदर्शिकेत ही वाट नाही. वाटेत सांडपाणी शुद्धीकरणाचं केंद्र लागतं, फेस लागतो, वास लागतो, आणि सगळा वेळ शेजारून वाहत असतं ते जलूदला उचललेलं पाणी.