निवांत जागा कोणाची?

डोंबिवलीच्या फलाटावर रोज खांद्याला खांदा घासणाऱ्या माणसाने रविवारी चार तासांची शांतता मागितली, तर त्यात चैन कसली? कल्याणहून कर्जतकडे जाणारी लोकल नेरळला सोडते आणि वर माथेरान उभे असते. तेथील बाजारपेठेतही गर्दी आहेच. म्हणून आमच्या धर्मग्रामातील तरुण मंडळी इको पॉइंट, शार्लोट तलाव टाळून गार्बट किंवा रामबाग पॉइंटची वाट धरतात. "फादर, तिथे कोणीच नसते," असे ती कौतुकाने सांगतात.

या 'कोणीच नसते'पाशी आम्ही जरा अडखळतो.

१८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे चौक गावाकडून हा डोंगर चढले आणि माथेरानचा 'शोध' लागला, असे पुस्तके सांगतात. ठाकूर, कातकरी, धनगर या रानात आधीपासून वावरत होते. त्यांचा डोंगर काही हरवलेला नव्हता! गार्बटवरून उतरणारी पायवाट आजही खालच्या वाड्यांकडे जाते. आपल्याला जी अनवट जागा वाटते, ती कोणाची तरी येण्याजाण्याची वाट असते.

शांततेचेही तसेच आहे. माथेरानात खासगी मोटारींना बंदी आहे. दस्तुरीच्या पुढे त्या जात नाहीत. २००३ साली केंद्र शासनाने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविला, हे उचितच झाले. परंतु इंजिन थांबले म्हणून ओझे हलके होत नाही. येथे पिढ्यान्‌पिढ्या माणसाने माणसाला हातरिक्षात बसवून लाल मातीच्या चढावर ओढले. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा अमानवी ठरवून ती सहा महिन्यांत थांबविण्याचा आदेश दिला आणि ओढणाऱ्यांसाठी ई-रिक्षांची सोय करण्यास शासनाला सांगितले. 'आता माथेरानची गंमत गेली' असा सूर काही सहलकरी लावतात. आम्हांला तो रुचत नाही. ज्या शांततेत ओढणाऱ्याची धाप स्पष्ट ऐकू येत होती, तिला शांतता का म्हणावे?

मग जाऊच नये काय? तसे मुळीच नाही. मार्ककृत शुभवर्तमानात थकलेल्या शिष्यांना प्रभू येशू स्वतःच एकांत स्थळी नेतो. लोक मात्र पायी धावत त्यांच्या आधीच तेथे पोहोचतात. एकांत मोडला म्हणून प्रभू त्रासत नाही; त्याला त्या लोकांचा कळवळा येतो. विश्रांतीची गरज खरी, आणि समोर आलेला माणूसही खरा. यांतील एकाला दुसऱ्यासाठी खोटे ठरविण्याची मुभा आपल्याला नाही.

निवांत जागा सापडली तर ती इतरांना सांगावी का, हा प्रश्न अधिक अवघड. सर्वांना सांगितली तर ती निवांत उरत नाही. लपविली तर चाळीतल्या एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला आपण तिच्यापासून वंचित ठेवतो. आमच्या मते सांगावी, दोघाचौघांच्या कुटुंबाला आनंदाने सांगावी. पन्नास जणांच्या, ध्वनिवर्धक घेऊन निघणाऱ्या सहलीला मात्र बाजारपेठ पुरेशी आहे. आमच्याच धर्मग्रामाच्या सहलीचा आकडा दर वर्षी साठाच्या घरात जातो, तेव्हा यावर समितीत वाद होणार हे उघड आहे.