काल हें कारण होय काय?

एखादी वस्तु बिघडली कीं "ती आतां जुनी झाली" एवढें म्हणून मोकळें होण्याची संवय आपल्या अंगवळणीं पडली आहे. भिंतीवरील घड्याळ, घरांतील वृद्ध माणूस, गांवांतील पुरातन संस्था, या सर्वांच्या दुखण्यास आपण हें एकच निदान लावतों. हें खरोखर निदान आहे, कीं विचार करण्याचा कंटाळा आहे? प्रश्न हवेंत राहूं नये म्हणून आम्ही एक अगदीं रोकडें उदाहरण घेतों.

वसईची खाडी हें उल्हास नदीचें एक मुख. नायगांव व भाईंदर यांच्या दरम्यान खाडींत पाणजू बेट आहे. उत्तरेस अर्नाळ्याचा किल्ला बेटावरच उभा आहे. असल्या मुलखांत होडी ही चैनीची वस्तु नव्हे. ती पायवाट होय आणि पोटापाण्याचें साधनहि होय. लहान होडीच्या मागच्या फळीस बाहेरून अडकवावयाचें यंत्र ओले एव्हिनरूड या नॉर्वेंत जन्मलेल्या अमेरिकन कारागिरानें १९०९ सालीं विक्रीस आणलें. आरंभीं त्यांत गिअर नव्हता. तो मागाहून आला. होडीला ब्रेक नसतो. ओहोटीच्या ओढींत धक्क्यास लागतांना उलटा गिअर पडला नाहीं तर ती दगडावर आपटते. भर खाडींत गिअर सुटला तर ती प्रवाहाच्या स्वाधीन होते.

असें एखादें वीस वर्षांचें यंत्र गिअर घेईनासें झालें, असें समजा. "जुनें झालें, नवें घ्या" असें सांगणाराचें कांहींच जात नाहीं; ज्याला घ्यावयाचें त्याची मात्र कित्येक दिवसांची कमाई जाते. म्हणून येथें निदान हा केवळ बुद्धीचा व्यवहार उरत नाहीं; तो न्यायाचा होतो.

आतां त्या यंत्राच्या पोटांत डोकावूं. खालच्या पेटींत तेलांत बुडालेलीं दोन दंतचक्रें परस्परविरुद्ध दिशांनीं सतत फिरत असतात. पंख्याच्या दांड्यावर सरकणारा एक दांतेरी तुकडा ज्या चक्रांत अडकेल, त्या दिशेनें पंखा फिरतो; दोहोंच्या मध्यें राहिला तर यंत्र चालतें पण होडी चालत नाहीं. हाताच्या दांडीपासून या तुकड्यापर्यंत केबल व सळया आहेत. म्हणजे दोष चार-पांच ठिकाणीं असूं शकतो. खाऱ्या हवेनें केबल गंजली असेल. पंख्याच्या मध्यभागींचें रबर निसटत असेल. मग गिअर पडूनहि यंत्र नुसतें ओरडतें. जोर लावतांच गिअर सुटत असेल, तर सळयांची जुळणी बिघडली असेल किंवा तुकड्याचे दांते गुळगुळीत झाले असतील. तेल दुधासारखें दिसत असेल तर आंत पाणी शिरलें आहे.

चांगला कारागीर बाहेरून आंत, स्वस्ताकडून महागाकडे जातो. यंत्र बंद करून, प्लगची तार काढून तो केबल सोडवितो आणि पंखा हातानें फिरवीत यंत्रावरचाच दांडा हलवून पाहतो. गिअर सहज पडला तर दोष केबलींत किंवा तिच्या अलीकडे. पंख्याच्या मध्यावर व बाहेरच्या कड्यावर तो एक सरळ रेघ मारतो. होडी चालवून आणल्यावर रेघ तुटलेली दिसली तर रबर निसटलें. जॉन स्टुअर्ट मिल्लनें १८४३ सालच्या आपल्या तर्कग्रंथांत जी व्यतिरेकाची रीत सांगितली ती हीच: बाकी सर्व तसेंच ठेवून एकच गोष्ट बदला आणि काय फरक पडतो तें पाहा.

या चार-पांच कारणांत "जुनेपणा" कोठें आला? आपले नैयायिक कालाला सर्व कार्यांचें साधारण कारण मानतात. जें प्रत्येक कार्याचें कारण, तें कोणत्याहि एका कार्याचा विशेष उलगडा करूं शकत नाहीं. गंज मिठानें चढतो. पाणी फाटक्या सीलांतून शिरतें. दांते तर पुष्कळदां हळुवारपणानेंच झिजतात, कारण भीत भीत अर्धवट टाकलेला गिअर दांत्यांच्या कडा एकमेकांवर घासतो. इंजिनाची गति मंद करून तो एकदम टाकावा लागतो. काल या सर्वांना केवळ सवड देतो.

यावर कोणी म्हणेल कीं, कांहीं यंत्रें खरोखरच संपतात. मान्य आहे. दांते झिजले, पेटी गंजली आणि सुटे भाग मिळेनासे झाले, तर तें यंत्र सोडून देणेंच शहाणपणाचें. एव्हिनरूडचें नांव धारण करणाऱ्या यंत्रांचें उत्पादनहि २०२० सालीं बंद झालें. परंतु हा निकाल तपासणीच्या शेवटीं यावयास हवा; तपासणी टाळण्यासाठीं नव्हे.

यंत्राच्या बाबतींत घाईचा निकाल पैशावर निभावतो. माणसाच्या बाबतींत तो तसा निभावत नाहीं. सत्तरीच्या आईला ऐकूं येईनासें झालें तर "वय झालें" म्हणून आपण तिच्याशीं बोलणें कमी करतों. कानांत साचलेला मळ कोणी पाहत नाहीं. तिचें वय आपल्याला कमी करतां येत नाहीं, म्हणून त्याला दोष दिला कीं आपल्याकडे कांहींच कर्तव्य उरत नाहीं. मळ मात्र काढतां येतो. ज्या कारणावर उपाय असूं शकतो तें आधीं शोधणें, हें दुसऱ्याच्या दुःखाचें निदान करूं पाहणाऱ्या प्रत्येकाचें पहिलें ऋण आहे, असें आम्हांस वाटतें.