एकशे वीस खांब

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. सोयाबीन विकून झालं होतं, तूर अजून शेतात उभी होती, आणि घरात मधल्या दिवसांचा थोडा पैसा खुळखुळत होता. नणंद पौषात हिंगोलीहून बाळंतपणाला माहेरी यायची होती. सुनेनं ठरवलं, बाळाला क्रोशाचं पांघरूण आपल्या हातानं विणायचं. तोवर तिनं विणलं होतं काय, तर मोबाइलवर बघून वीतभर साखळी.

वाशीमला पाटणी चौकातल्या एका दुकानात ती गेली आणि गडद निळ्या फरच्या लोकरीवर तिचा जीव जडला. मांजरीच्या पाठीसारखी मऊ, बल्बखाली धरली की लकाकणारी. दुकानदारानं विचारलं, “पहिल्यांदाच विणता का बाई?” ती हो म्हणाली, तसा त्यानं सायीच्या रंगाचा साध्या लोकरीचा गुंडा पुढं सरकवला. ही साधी लोकर निम्म्या भावाची. सुनेला वाटलं, आपली साडी बघून यानं आपली ऐपत ठरवली. तिनं फरचेच पाच गुंडे मागितले. दुकानदारानं वाद घातला नाही. पावती पिशवीत टाकत एवढंच म्हणाला, “न फोडलेले परत घेईन.” गिऱ्हाइकाला शहाणं करायच्या फंदात न पडता त्याची परतीची वाट उघडी ठेवणारा दुकानदार मला तरी क्वचितच भेटला आहे.

रात्री जेवणं झाल्यावर तिनं एकशे बावीस साखळ्या घातल्या. वर वळायला सोडलेल्या तीन साखळ्यांचा एक खांब धरून ओळीला एकशे वीस खांब. पहिली ओळ कशीबशी झाली. दुसऱ्या ओळीपासून सुई कुठं खुपसायची तेच कळेना. फरचे केस टाक्याच्या तोंडावर आलेले, रंग काळपट, त्यात दिव्याची सावली. ती अंदाजानं सुई घालत गेली. चार रात्रींत चौदा ओळी झाल्या, तेव्हा पांघरूण पसरून बघितलं. खाली रुंद, वर निमुळतं. अंगाखाली घालायला बाळाला चाललं असतं, पण अंगावर यायचं नाव नको.

आजेसासू बाजेवर बसून बघत होती. तिच्या डोळ्यांना आता बारीक दिसत नाही, पण तिच्या हातच्या कुंच्या घालून आळीतली निम्मी पोरं वाढलेली. तिनं तुकडा मांडीवर घेतला, अंगठ्यानं कड चाचपली आणि म्हणाली, “खांब मोज बरं.”

सून मोजायला बसली. एकदा एकशे दोन आले, एकदा एकशे नऊ.

“मले बोटालेही सापडत नाही अन् तुले डोळ्यालेही नाही. टाकाच सापडत नाही तं चूक कुठी सापडन?”

चूक साधीच होती, पहिल्यांदा विणणाऱ्या बहुतेकांची होते ती. ओळ वळवताना घातलेल्या तीन साखळ्या म्हणजे त्या ओळीचा पहिला खांब. परत येताना शेवटचा खांब त्या साखळ्यांच्या डोक्यावर घालायचा असतो. तो राहिला की ओळीमागं एक खांब घटतो. मग उसवायचं ठरलं. पण फरची लोकर उसवू देईना. केस केसांत गुंतले, ओढलं की गाठ, कापलं की तुकडे. दोन गुंडे त्यात गेले.

आजीनं ट्रंकेतून आजोबांच्या राखाडी स्वेटरची बाही काढली. बाही उसवली, तो सुरकुतलेला धागा खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लड केली, कोमट पाण्यातून काढून खुंटीला टांगली आणि खाली खलबत्त्यातला बत्ता लटकवला. सकाळपर्यंत धागा सरळ. त्या लोकरीवर सून आठ दिवस शिकली. किती वेळा उसवलं ते तिनं मोजलं नाही.

एका दुपारी पुतणीनं मोबाइलवर वाचून दाखवलं की २०१६ च्या जानेवारीत चेन्नईत बायकांनी मिळून क्रोशाचं पांघरूण केलं, ११,१४८.५ चौरस मीटरचं, तेव्हाचं जगातलं सगळ्यात मोठं. आजीनं विचारलं, “धुतलं कोणं ते?”

मग न फोडलेले तीन गुंडे आणि पावती घेऊन सून परत चौकात गेली. दुकानदारानं काही विचारलं नाही, हेही त्याचं चांगलंच. सायीच्या रंगाचे शंभर ग्रॅमचे चार गुंडे घेऊन ती घरी आली. आजीनं त्यातला बोटभर धागा तोडून काडीनं पेटवला. तो वितळून टोकाला टणक काळी गोळी धरली. मेंढीची असती तर केस जळाल्याचा वास आला असता आणि राख बोटात चुरली असती. आपण जिला लोकर म्हणून आणतो ती बरेचदा अशी अॅक्रिलिकच असते. तिला नावं ठेवायचं कारण नाही. हलकी, उबदार, धुतली तरी आटत नाही, बाळाच्या कपड्याला याहून जास्त काय पाहिजे? “फकत बाजेखाली शेगडी ठेवली का हे दूर काढजा,” आजी म्हणाली, “हे नुसतं जळत नाही, वितळून चिकटते.”

चार नंबरच्या सुईनं काम सुरू झालं. सायीच्या रंगावर प्रत्येक खांब दारातल्या रांगोळीच्या ठिपक्यासारखा वेगळा दिसे. दर ओळीला मोजायचं, मगच वळायचं. तरी दहावी ओळ अर्धी झाल्यावर तिला नववीत एक खांब कमी दिसला. आजी म्हणाली, उसव नाही तर दहावीत एका घरात दोन घाल. तिनं दोन घातले.

कडेची ओळ राहिली आणि लोकर संपली. दुकानात त्याच नावाचा, त्याच क्रमांकाचा रंग मिळाला, पण वेष्टनावरचा लॉट नंबर दुसरा. घरी आणून शेजारी धरला तर एक साय, दुसरी कालची साय. दुरून कळत नव्हतं. सून म्हणाली, “आजी, चालून जाईल.” आजीनं दोन्ही धागे उन्हात धरायला लावले. “जवळजवळ सारखं असलं का डोळे तिथंच जातात. सरळ दुसरा रंग लाव.” गुंडा परत गेला, हळदीच्या रंगाचा आला, आणि चारी बाजूंनी पिवळी कड फिरली.

बाराव्याला बायका जमल्या. पांघरूण हातोहात फिरलं. पिवळ्या कडेचं कौतुक झालं, कुणीतरी नमुना कुठला म्हणून विचारलं. सून म्हणाली, “लोकर सरली होती.”

नणंद बाजेवर बाळाला घेऊन बसली होती. वहिनीनं चार रात्री घालून काय विणलं होतं ते तिला आजीकडून कळलेलंच होतं. तिनं कड मांडीवर ओढली आणि चिडवायला म्हणून बोटानं खांब मोजायला घेतले. बराच वेळ मोजत राहिली. मग विजयी चेहऱ्यानं म्हणाली, “एकशे एकोणीस!”

सुनेनं वाकून बघितलं. “ती नववी ओळ आहे, ताई. आता दहावी मोजा.”